मागची कोरी जागा

पडद्यावर तिथं काहीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची क्वार्टरं, एकाला एक चिकटलेली, सगळी सारखी. प्रत्येकाच्या मागे आखून दिलेला अंगणाचा तुकडा. आणि त्या तुकड्यांमधून सरळ निघून गेलेली नव्या मलवाहिनीची जांभळी रेघ. रेघेवर एक ठिपका. काल तो पिवळा होता, म्हणजे काम चालू. आज सकाळी लाल झाला होता, म्हणजे काम थांबलं. ठिपका लाल झाला की साइटवर फोन करायचा, कारण विचारायचं, ते मशीनमध्ये टाकायचं आणि ठिपका परत पिवळा करायचा. काम संपलं की हिरवा. सगळ्या टाऊनशिपचे खड्डे, चर, फुटलेले पाइप आणि तुंबलेली गटारं देवानंद आता या थंड खोलीत बसून बघायचा, आणि उन्हात उभं राहायला लागत नाही याचं त्याला सुरुवातीला वाटलेलं अप्रूपही आता संपलं होतं.

"सर, साइटवाले बोल रहे हैं, तिथं खोली आहे," ललिता म्हणाली. ती ऑपरेटर. घरी मराठी, ऑफिसात हिंदी, आणि देवानंदसमोर दोन्हींची खिचडी.

"कुठली खोली? नकाशात तर काही नाही."

"मी पण तेच बोलली. तर तो म्हणतो, मॅडम, नकाशात नसन, इथं हाय ना."

त्याने रिसीव्हर घेतला. पलीकडे चिंधू होता, खणणाऱ्या टोळीचा मुकादम. "साहेब, इकडून बी चर आनला, तिकडून बी आनला. मधात खोली. पत्र्याची. आत एक म्हातारा खाटेवर बसून राह्यला. उठतच नाई. म्हने, माहा भाऊ तुमच्या हापिसात साहेब हाय, पयले त्याले इचारून या."

"कोणती स्ट्रीट?"

चिंधूने सांगितलं. सेक्टर दोन. देवानंदने पडद्यावर त्या गल्लीचं तोंड धरलं आणि कोपऱ्यापासून एकेक क्वार्टर मोजत आत गेला, परक्या गल्लीत पत्ता शोधत जावं तसा. वळणावरच्या क्वार्टरपर्यंत पोचला तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. पुढे दिवसभर त्याला खोली आठवली, दार आठवलं, भाऊ आठवला. पण सगळ्यांत जास्त आठवत राहिलं ते हे, की मोजावं लागलं. गल्लीचं नाव ऐकल्याबरोबर कळलं नाही.

खोली त्याच्यासाठीच बांधली होती. आमगावजवळच्या गावातून तो दुर्गच्या पॉलिटेक्निकला आला तेव्हा थोरला केवलरामभाऊ पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर लागून काही वर्षं झाली होती, क्वार्टर मिळालं होतं, नवी वहिनी आली होती, आणि क्वार्टर म्हणजे एक खोली, एक सैपाकघर आणि मागे अंगण. पहिले काही महिने देवानंद सैपाकघरात झोपला. वहिनी पहाटे शेगडी पेटवायला यायची आणि त्याचे पाय हळूच भिंतीकडे सरकवून वाट करायची. मग एका रविवारी भाऊने मागच्या अंगणात दोरी धरायला लावली. "धर. ताठ धर. तू इंजेनेर होनार ना? मंग काटकोन दाखव मले." विटा भट्टीवरून आल्या, पत्रे सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून, आणि दार, दार मात्र खास होतं. कारखान्यात रशियाहून यंत्रं यायची त्या लाकडी खोक्यांच्या फळ्या भाऊने कुणाकुणाला सांगून मिळवल्या आणि ठोकल्या. ठोकताना उलट्या ठोकल्या गेल्या. त्यामुळे दारावर काळ्या रंगात छापलेली रशियन अक्षरं डोक्यावर उभी होती आणि माल भिजू देऊ नका असं सांगणारी एक छत्री टोक खाली करून लोंबत होती. "उलटी छत्री," वहिनी म्हणाली, "आता पानी आत साचन म्हना." आणि तिघंही हसले. देवानंद त्या दारासमोर खाट टाकून वर्षानुवर्षं अभ्यास करत बसला. कंटाळा आला की वहीच्या मागे ती उलटी अक्षरं काढायचा. त्यातून हात बसला. पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंगचे सर म्हणाले होते, तुझं अक्षर कुठे शिकलास? त्याने काय सांगितलं होतं ते

आठवत नाही. बरंच आठवत नाही. रस्त्यांचा थर चालू. पाण्याचा थर चालू. विजेचा चालू. अतिक्रमणांचा थर बंद. मशीनचं हेच कौतुक होतं, की एकाच जमिनीवरचं सगळं वेगवेगळ्या काचांवर काढल्यासारखं ठेवता येतं; हवं ते बघायचं, नको ते मिटून टाकायचं, आणि मिटलेलं काही नाहीसं होत नाही, आतच असतं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने हे समजावलं तेव्हा देवानंदला फार आवडलं होतं. घरी येऊन त्याने शीलाला, बायकोला, जेवताना ते सांगितलंही. ती म्हणाली, बायकांना हे आधीपासून येतं.

अतिक्रमणांचा थर त्यानेच भरला होता. दोन वर्षांपूर्वी. जुने नकाशे टेबलाएवढ्या पाटीवर चिकटवून, भिंगासारखं यंत्र हातात धरून रेघ रेघ, कोपरा कोपरा मशीनमध्ये उतरवायचा. आणि ज्या गोष्टी जुन्या नकाशात नव्हत्या त्या प्रत्यक्ष जाऊन, टेप लावून आणायच्या. लोकांनी मागे काय काय बांधलं होतं! गोठे, न्हाणीघरं, पिठाची गिरणी, सुनेसाठी खोली, एका ठिकाणी चक्क छोटं देऊळ. सगळं लाल रंगात, लाल म्हणजे पुढेमागे पाडायचं. भाऊच्या गल्लीत तो आला तेव्हा ऊन टळटळत होतं. बरोबर टेप धरणारा कवडू होता. वळणावरच्या क्वार्टरच्या मागे पत्र्याची खोली, उलटी छत्री, दाराशी वाळत घातलेली अंबाडी. कवडूने टेपचं टोक घेऊन पुढे पाऊल टाकलं आणि देवानंद म्हणाला, "राहू दे. हे झालंय." झालं नव्हतं. ती खोली लाल रंगात गेली असती तर भाऊला नोटीस आली असती, आणि निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. मागचं बांधकाम पाडून दिल्याशिवाय हिशेब सुटत नाही. म्हणून त्याने ती नकाशात काढलीच नाही. ठरवून. एवढ्या वर्षांच्या नोकरीत केलेली ही एकच लबाडी, आणि तिचं त्याला त्या दिवशी फार बरं वाटलं, कुणाला न सांगता कुणाचं तरी देणं फेडल्यासारखं. वहिनीने त्याला आतून बघितलं होतं. "आनंदा! कावून बाहेरच्या बाहेर चालला? चहा घेऊन जा." "येतो ना वयनी, येवढी लाइन झाली का येतो," तो म्हणाला, आणि ती लाइन संपवून दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, कारण जीप तिकडे उभी होती.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण लक्षात राहतं. कुणी तरी मिटवायला येतं. त्यांचं भांडण कधी झालंच नाही. आधी दर रविवारी जायचा, लग्नानंतर शीलाला घेऊन जायचा, मग पोळ्याला आणि दिवाळीला, मग नुसता दिवाळीला, मग फराळाचा डबा कुणाबरोबर तरी. तिकडून लाल मिरचीचा भुरका यायचा, बाटलीत, तेल वर तरंगत असलेला. मुलांना तिखट लागायचा. मधलं अंतर सायकलने जाण्याइतकं होतं आणि देवानंदकडे आता स्कूटर होती.

आणि मग सहा आठवड्यांपूर्वी नव्या मलवाहिनीची आखणी तपासायला त्याच्याच टेबलावर आली. त्याने ती पडद्यावर घेतली. त्याचं काम एवढंच होतं, की रेघ कशाला धडकत नाही ना ते बघायचं. घरांचा थर चालू केला, धडकत नव्हती. पाण्याचा, विजेचा, झाडांचा. अतिक्रमणांचा थर चालू केला. कुठे कुठे लाल होतं तिथे रेघ थोडी सरकवून घेतली, उतार फार न बिघडवता. वळणावरच्या क्वार्टरच्या मागे काही नव्हतं. रेघ तिथून सुखाने गेली. त्याने खाली आपल्या नावाची अक्षरं टाकली आणि चहा मागवला. आज, फोन खाली ठेवल्यावर, तो त्या क्षणाकडे परत परत जात होता, जीभ पडलेल्या दाताच्या खड्ड्याकडे जाते तशी. काही लुकलुकलं होतं का? हाताला जडपणा? निदान चहा पिताना? तो शोधत राहिला, कारण काही तरी सापडलं असतं, अगदी एवढंसं, तर त्याला स्वतःला सांगता आलं असतं की वाचवता येत नव्हतं म्हणून जाऊ दिलं. सापडलं नाही. पडदा कोरा होता आणि त्याने आपण ठेवलेल्या कोरेपणावर विश्वास ठेवला. ती खोली लपवणारा तोच आणि पडद्यावर बघून फसलेलाही तोच.

आता काय करता येईल हे त्याने बघून घेतलं. चर दोन्ही बाजूंनी अंगणापर्यंत आला होता. घाणीचं पाणी उताराने जातं, त्याला मनासारखं वळण देता येत नाही. आणि रेघ हलवायची तर का ते लिहावं लागेल, म्हणजे खोली दाखवावी लागेल, आणि दाखवली की ती लाल. कसंही केलं तरी खोली जाणारच होती. मग भीती कशाची होती? खोलीची नव्हतीच. भाऊ एक प्रश्न विचारेल याची होती. तो कोणत्या शब्दांत येईल तेही त्याला माहीत होतं.

"सर, बाहेर कोणी आलंय. अंदर नहीं आ रहे. चपला कुठे काढायच्या विचारतात."

कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत होती. केवलरामभाऊने त्या नीट जोडून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. धोतरावर पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. लग्नाला निघाल्यासारखा आला होता. देवानंद उठून पाया पडला. भाऊच्या पायाच्या बोटांत चराची ओली माती होती.

"बस ना भाऊ."

"बसतो. लय थंडं हाय बाप्पा इथं. मशीनले गरम होते का?"

"हो, तिले थंडंच लागते." आपली भाषा आपसूक बदलली हे देवानंदला कळलं. ललिताने चमकून बघितलं.

"आमाले नाई कोनी इचारलं कोक ओव्हनमदी, का बा तुमाले थंडं लागते का गरम." भाऊ हसला आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला उतरेपर्यंत तो पडद्याकडे बघत राहिला. "हे काय पोरी, तू चालवते?"

"हो काका."

"शाबास. आमच्या आनंदाले ऐकते का हे मशीन?"

"बहुत," ललिता म्हणाली. "सरांशिवाय हलत नाही."

"ऐकनच. हात हाय त्याचा." मग तो देवानंदकडे वळला. "तुह्या त्या चिंधूनं मले सांगतलं, का नकाशात खोलीच नाई. म्या म्हटलं, नसन कशी? नकाशा कोनाचा हाय? दाखव मले."

देवानंदने ललिताला चहा सांगायला पाठवलं. मग गल्ली धरली, या वेळी न मोजता थेट वळणावर गेला, आणि क्वार्टर मोठं केलं, पडदाभर. भाऊ खुर्चीच्या टोकावर सरकला. काचेला बोट न लावता, थोडं दूर धरून, तो रेघांवरून फिरवू लागला.

"हे आपलं?"

"हो."

"हे सैपाकघर. इथं तू झोपे." बोट पुढे गेलं. "हा दरवाजा. हा नळ. नळ बी हाय! आन हे मांगं?"

"अंगण."

बोट अंगणावर फिरलं. एका कडेने गेलं, दुसऱ्या कडेने परत आलं. जांभळ्या रेघेवर थांबलं, तिच्या खालून गेलं. मशीन थंड करणारं यंत्र भिंतीत घुरघुरत होतं.

"इथं तं काईच नाई," भाऊ म्हणाला. राग नव्हता. चुकीच्या घरी शिरलेला माणूस बोलतो तसं म्हणाला. पडद्याकडेच बघत त्याने विचारलं, "आनंदा, एकच सांग मले. खोली जाऊ दे. म्या चैत्रात रिटायर होतो, मंग कोनाची खोली आन कोनाचं काय. पन तू… इसरला का?"

उत्तरं दोन होती आणि दोन्ही खरी होती. दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हातलं एक. सहा आठवड्यांपूर्वीच्या चहाच्या कपाजवळचं एक. त्यांचे थर वेगळे होते. देवानंदने एक चालू केला.

"नाई भाऊ. मुद्दामच नाई काढली. काढली असती तं तेव्हाच पाडली असती. तुमचा हिशेब अडकला असता."

भाऊची मान हळूहळू वळली. चेहरा आधी कोरा होता, मग डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून उजळत आला. त्याने मांडीवर थाप मारली. "हे पाय! म्या तुह्या वयनीले सांगतलं होतं! थे म्हने, इसरले साहेब, आता कायची खोली आन कायचं काय. सकाळपासून डोकं खाऊन राह्यली माहं. म्या म्हटलं, सिंधू, आनंद नाई इसरत. काईतरी हिशोबानंच केलं असन त्यानं." तो खोकला, हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मग साधंच, काही मनात न ठेवता म्हणाला, "मंग हे लाइन कशी काय आली इथून?"

खाली, पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, त्याच्या नावाची अक्षरं होती. भाऊला एवढं बारीक दिसत नव्हतं.

"वरून आली," देवानंद म्हणाला. "उताराचा हिशेब असते, भाऊ. वळवता येत नाई."

"वरून आली तं तू काय करशील बाप्पा," भाऊ म्हणाला. त्याने देवानंदच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच राहू दिला. कोक ओव्हनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजलेला तो हात या थंड खोलीतही गरम होता. हा हात उचलला जावा असं देवानंदला वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज वाटली, आणि हात होता तिथेच राहिला. "तू लपवली तितके दिस राह्यली. दोन वर्सं. कमी हाय का? आता त्या पोराईले हात नाई लावू देत. म्या बांधली, म्याच काढतो. पत्रे सुपेल्यात जातीन. दरवाजा तुले ठेवू?"

"ठेवा."

"मंग संध्याकाळी येजो. वयनीले सोताच सांगजो तू, कावून नाई काढली ते. माहं तं ऐकत नाई थे."

चहा न घेताच तो गेला. घाई होती त्याला, बायकोला जाऊन सांगायचं होतं. दाराशी चपला घालताना तो ललिताला काही तरी म्हणाला आणि ती हसली.

संध्याकाळी देवानंद निघाला. स्कूटर त्याने गल्लीच्या तोंडाशी थांबवली. तिथून वळण दिसतं, मागचं अंगण दिसत नाही. पण पत्र्याचा आवाज येत होता, खिळे उपटताना निघतो तसा, आणि मधूनमधून भाऊचा खोकला, आणि वहिनीचा आवाज, चढा, जुना, "अहो, सांभाळून, पायावर पडन!" भाऊला त्याने फसवलं होतं. वहिनीला फसवता आलं नसतं. सैपाकघरात पाय सरकवून वाट करणारी ती. तिने नुसतं चहाचा कप पुढे केला असता आणि त्याच्याकडे बघितलं असतं. ती बरोबर बोलली होती, आणि त्याने आज तिला तिच्याच घरात खोटं पाडलं होतं. एवढं एक जाऊन दुरुस्त करता आलं असतं. वयनी, तुमीच खऱ्या, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मग भाऊच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेलं. तो तिथे उभा राहिला तोवर गल्लीत दिवे लागले. शिफ्टचा भोंगा झाला. सायकलींचा लोंढा त्याच्या दोन्ही बाजूंनी गेला आणि त्यात कुणीही त्याला ओळखलं नाही. मग त्याने स्कूटर वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधूचा फोन आला. "साहेब, मोकळं झालं. म्हाताऱ्यानं सोताच काढलं, इटा सुदा रचून ठेवल्या. लय खुशीत होता, आमाले चहा पाजला. आता तुमच्या नकाशात हाय तसंच हाय सगळं."

"सर, पिवळा करू?" ललिताने विचारलं. "कारण काय टाकू? खाली ऑप्शन आहेत. खडक, पाणी, झाड, पाऊस, इतर."

"इतर."

ठिपका पिवळा झाला. जांभळी रेघ कोऱ्या अंगणातून सरळ गेली होती. त्याने अतिक्रमणांचा थर चालू केला, बंद केला, परत चालू केला.

"और सर, वो काका सकाळीच येऊन गेले. तुम्ही यायच्या आधी. रिक्षातून. म्हणाले, तो काल आला नाही, काम असेल, म्हणून मीच आणून दिलं. बाहेर ठेवलंय, मागच्या गॅलरीत. बहुत भारी है, चपराशाने हात लावला नाही."

देवानंद अनवाणीच बाहेर गेला. मागच्या गॅलरीत दार भिंतीला टेकवून उभं होतं. धुऊन, पुसून आणलं होतं. बिजागऱ्या काढून दोरीत बांधून कडीला अडकवल्या होत्या. आणि घाईत असेल किंवा रिक्षावाल्याने कसंही ठेवलं असेल, ते उलटं उभं केलेलं होतं. त्यामुळे छत्री सरळ झाली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अक्षरं पायांवर उभी होती, आणि वहीच्या मागे ज्यांची वळणं हजारदा गिरवली त्यातलं एकही त्याला ओळखता येईना. कडी खाली, गुडघ्याजवळ आली होती. तिला हात लावायला तो वाकला.